फादर टेड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न (आणि काही उगाचच विचारलेले)

मी भेटेल त्याला ही सीरियल बघायला लावते, त्यामुळे मेसेजमध्ये तेच तेच प्रश्न येत राहतात आणि दर वेळी मी नव्याने टाईप करत बसते, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी मूळची वसईची, घरात एक काका फादर आहेत, आणि सध्या लिमरिकला राहते. शेजारच्याच क्लेअर काउंटीत हिचं बाहेरचं शूटिंग झालंय, त्यामुळे इथे या विषयावर कुणाशीही तासभर बोलता येतं. शेवटचा भाग कसा संपतो ते प्रश्न १३ मध्ये आहे, ज्यांना आधी कळायला नको त्यांनी तो गाळा.

१. ही सीरियल नक्की आहे कशाबद्दल?

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे क्रॅगी आयलंड नावाचं एक बेट आहे (काल्पनिक, नकाशात शोधू नका). तिथल्या फादरांच्या घरात तीन कॅथलिक फादर आणि त्यांचं घर सांभाळणाऱ्या एक बाई राहतात, झालं, एवढंच. फादर टेड क्रिली त्यातल्या त्यात शहाणा, पण प्रसिद्धीचा आणि पैशाचा हावरट. फादर डूगल मॅग्वायर मनाने निर्मळ आणि डोक्याने कोरी पाटी. फादर जॅक हॅकेट म्हातारा, दिवसभर खुर्चीत पडलेला, त्याची डिक्शनरी चार शब्दांची : दारू, पोरी आणि दोन शिव्या. आणि चहाचा ट्रे घेऊन फिरणाऱ्या मिसेस डॉयल.

मला विचाराल तर ही शिक्षेच्या बदलीची गोष्ट आहे. सरकारी नोकरीत कुणी जास्त शहाणपणा केला की "गडचिरोलीला पाठवू का" म्हणतात ना, तसलं (गडचिरोलीकरांनी माफ करावं, त्यांचा यात काही दोष नाही). वसईत पण फादरांची बदली हा पॅरिशमधला (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या लोकांमधला) मोठा विषय असतो, कोण येणार, कोण जाणार, का जाणार, त्यामुळे मला हे पहिल्या भागातच कळलं. वरिष्ठाला जे नको होते ते तिघे एका घरात कोंडले आणि साहेब अधूनमधून ओरडायला येतो. साहेब म्हणजे बिशप लेन ब्रेनन.

२. पण तिघांनी असं केलं तरी काय होतं?

टेडने एका मुलाला लूर्दच्या यात्रेला नेण्यासाठी जमवलेले पैसे ढापले, लास व्हेगासला गेला, आणि तेव्हापासून त्याचं एकच पालुपद आहे की पैसे फक्त माझ्या खात्यात विसावा घेत होते. डूगलचं ब्लॅकरॉक नावाच्या जागी काहीतरी झालं ज्यात नन होत्या, आणि जॅकचं अॅथलोनमधल्या एका लग्नात. हे दोन किस्से नीट कधीच सांगत नाहीत आणि तेच बरोबर आहे, कारण बिशपचा चेहरा बघून आपण मनात जे रचतो त्यापेक्षा भारी काही दाखवताच आलं नसतं. "डिटेल सांग ना" असे मेसेज करू नका, डिटेल नाहीयेत.

३. किती भाग आहेत? वीकेंडला संपेल का?

आरामात. एकूण २५ भाग : पहिल्या सीझनमध्ये ६, दुसऱ्यात १०, तिसऱ्यात ८ आणि मध्ये २४ डिसेंबर १९९६ चा ख्रिसमस स्पेशल. पहिला भाग २१ एप्रिल १९९५ ला आला, शेवटचा १ मे १९९८ ला. एक भाग २५ मिनिटांच्या आसपास, ख्रिसमसवाला त्याच्या दुप्पट.

४. ही ब्रिटिश सीरियल आहे की आयरिश?

यावरून इथे भांडणं होतात म्हणून जपून लिहिते. पैसे आणि चॅनल ब्रिटिश : लंडनच्या हॅट ट्रिक कंपनीने चॅनल फोरसाठी बनवली, घराच्या आतले सीन लंडनच्या स्टुडिओत समोर प्रेक्षक बसवून शूट केले (म्हणजे जे हसू ऐकू येतं ते खऱ्या माणसांचं आहे, हा पण प्रश्न चारदा आलाय). बाकी लेखक ग्रॅहम लाइनहान आणि आर्थर मॅथ्यूज आयरिश, चारही मुख्य नट आयरिश, बाहेरचे सीन आयर्लंडमधले. पुण्यात शिजवलं तरी सोलकढी कोकणचीच, तसं काहीसं.

टेड हे पात्र आधीपासून होतं बरं का. मॅथ्यूज यू-टू बँडची टिंगल करणाऱ्या एका बँडमध्ये होता, तिथे तो मध्येमध्ये फादर टेड बनून स्टेजवर यायचा. मग या दोघांनी खोट्या डॉक्युमेंटरीची कल्पना मांडली, त्यातला एकच भाग टेडवर होता, आणि प्रोड्युसर जेफ्री पर्किन्स म्हणाला की याचीच सिटकॉम करा.

५. आयर्लंडच्या सरकारी चॅनलने घाबरून नाकारली होती ना?

नाही. ही अफवा इथल्या टॅक्सीवाल्यापासून प्रोफेसरपर्यंत सगळे सांगतात. आरटीईला ती कधी दाखवलीच नव्हती, लेखक लंडनमध्ये काम करत होते, तिथेच दिली. उलट नंतर आरटीईने स्वतः ती लावली. अफवेचं मूळ मला वाटतं दुसरीकडे आहे : टेड झालेला डरमॉट मॉर्गन आरटीई रेडिओवर 'स्क्रॅप सॅटरडे' नावाचा राजकारण्यांची खिल्ली उडवणारा कार्यक्रम करायचा, तो १९९१ मध्ये बंद झाला आणि लोक भयंकर चिडले. लोकांच्या डोक्यात दोन गोष्टी एक झाल्या असाव्यात.

६. कुठून सुरू करू? पहिला भाग बघितला, ठीकठाक वाटला.

पहिला सीझन जरा अंग सैल होईपर्यंतचा आहे, पण त्यातला तिसरा भाग सोडू नका (प्रश्न १० बघा). घाईत असाल तर दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागापासून धरा, ज्यात तिघे एका कॅरॅव्हॅनमध्ये सुट्टीला जातात आणि बाहेर पाऊस.

माझा सगळ्यात आवडता मात्र त्याच्या पुढचा, गाडीवाला. घराचं छप्पर गळतंय, दुरुस्तीसाठी रॅफल (तिकिटं विकून बक्षिसाची सोडत) काढायची, बक्षीस म्हणून एक गाडी मिळालीये. टेड ती चालवून बघतो, एवढासा पोचा येतो, आणि तो म्हणतो की हातोडीने हलकेच ठोकून सरळ करू. पुढच्या सीनमध्ये गाडीचा पापड झालेला असतो. मधलं काहीच दाखवत नाहीत! विनोद लिहिणाऱ्याने हा कट रोज सकाळी एकदा बघावा असं माझं मत आहे. आणि मग रॅफलमध्येच लफडं करून गाडी घरातच ठेवायची टेडची आयडिया, ज्यात नंबर ओळखायचं काम डूगलकडे. ज्याने वसईत चर्चच्या फेटला हाऊजीचे नंबर ऐकत संध्याकाळ काढलीये त्याला हा भाग दुप्पट चढतो.

एकच पथ्य : तिसऱ्या सीझनचा पाचवा आणि सहावा भाग लागोपाठ बघा. पाचव्यात शेजारच्या रग्ड आयलंडच्या फादर डिक बर्नशी लावलेली पैज टेड हरतो आणि दंड असा ठरतो की बिशप ब्रेननच्या पार्श्वभागावर लाथ मारायची. सहाव्यात तो मारतो. आणि मारल्यावर काहीच झालं नाही असा साळसूद उभा राहतो, त्यामुळे बिशपचा स्वतःच्याच अनुभवावर विश्वास बसत नाही, बिचारा तसाच रोमला जातो. तिथे पोपसमोर असताना त्याला खात्री पटते. पुरावा म्हणून काढलेल्या फोटोची कॉपी दहा बाय दहाची हवी असते, पण इंचांऐवजी फुटांत येते, हे मी सांगितलं तरी मजा कमी होत नाही.

७. बोलणं अर्धं कळत नाही. आणि तो "फेक" (feck) म्हणजे तोच एफवाला इंग्रजी शब्द का?

सबटायटल लावा, लाज वाटायचं कारण नाही, मी पण पहिल्यांदा लावली होती. "फेक" हा तो शब्द नाही, त्याचा सोवळ्यातला चुलतभाऊ आहे. आपल्याकडे "आयला" म्हणताना कुणाच्या आईचा खरंच विचार नसतो तसंच. इथे आज्ज्या चहा सांडला तरी फेक म्हणतात. लहान मुलांसमोर चालेल का असं पण त्यातच विचारतात लोक : दहा-बारा वर्षांच्या पुढे माझ्या मते चालेल, जॅकची दारू आणि पोरींबद्दलची बडबड सोडली तर चावटपणा फार नाही, पण तुमचं घर तुम्हाला माहीत.

८. मिसेस डॉयल एवढा चहाचा आग्रह का करतात?

हा प्रश्न मराठी माणसाने विचारावा!! पंगतीत "नको नको" म्हणणाऱ्याच्या पानात जिलबी कोण टाकतं मग? आयर्लंडमध्ये पण पहिल्यांदा विचारलं की नाहीच म्हणायचं असतं, दुसऱ्यांदा अर्धं, तिसऱ्यांदा घ्यायचं. मिसेस डॉयल फक्त तिसऱ्यांदाला थांबत नाहीत. ख्रिसमस स्पेशलमध्ये टेड त्यांना चहाचं मशीन भेट देतो आणि त्यांचा चेहरा उतरतो, कारण ते काम, ते कष्ट, तेच तर त्यांचं आहे. मला तो सीन हसता हसता टोचतो, आमच्या आजीला मिक्सर आणला तेव्हा ती दोन दिवस पाट्यावरच वाटत बसली होती.

पॉलीन मॅकलिन ही भूमिका करायला लागली तेव्हा जेमतेम ३२ वर्षांची होती. मेकअप, चष्मा, आणि ती पाठ वाकवून चालायची ढब. हे सांगितलं की लोक परत पहिल्यापासून बघतात.

९. ते गायींचं मीम सगळीकडे दिसतं, त्यात काय विशेष?

कॅरॅव्हॅनमधला सीन (प्रश्न ६). टेड हातात प्लॅस्टिकच्या छोट्या गायी धरून डूगलला समजावतोय की या लहान आहेत, आणि खिडकीबाहेरच्या त्या लांब आहेत. डूगलला नाहीच कळत. एवढंच. पण त्यात टेडचा जो आवाज आहे, शिक्षकाने सतराव्यांदा तेच गणित सांगावं तसा शांत, त्यातच सगळं आहे. मीटिंगमध्ये कुणाला काही समजावून थकलात की हा फोटो पाठवता येतो, म्हणून चालतो तो.

१०. तू कॅथलिक असून ही धर्माची टिंगल कशी काय बघतेस?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा, आणि निम्मे विचारणारे कॅथलिक नसतात ही गंमत आहे.

माझं म्हणणं असं की यात देवाची टिंगल नाहीच, कारण यात देवाला कुणी मध्ये आणतच नाही. तिघांना फादर असणं ही नोकरी आहे. टेडला प्रमोशन हवंय, चांगला पॅरिश हवाय, टीव्हीवर यायचंय. डूगलला तर धर्मातलं मुळात काही पटतच नाही आणि तो ते इतक्या भाबडेपणाने बोलतो की भेटीला आलेल्या एका बिशपची श्रद्धा उडते आणि तो हिप्पींबरोबर निघून जातो. त्याच भागात जॅकला बिशपांसमोर बोलायला टेड एक-दोन वाक्यं पाठ करून देतो, त्यातलं एक "हा सर्वपंथीय एकीचा प्रश्न आहे" अशा अर्थाचं, आणि ते कुठल्याही प्रश्नाला चालतं. हे वाक्य कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही पक्षाच्या स्टेजवर ठेवून बघा, बसतं.

टिंगल आहे ती वरून आलेल्या हुकुमाची. पहिल्या सीझनचा तिसरा भाग बघा : बिशपला एक सिनेमा पसंत नाही, तो टेड आणि डूगलला थिएटरबाहेर निदर्शनं करायला लावतो. यांना सिनेमाबद्दल काडीचं माहीत नाही, तरी पाट्या घेऊन उभे राहतात. एका पाटीवर साधारण "असल्या गोष्टींचा निषेध असो" आणि दुसरीवर "जरा जपून". परिणाम असा की जो सिनेमा कुणी बघितला नसता तो बघायला लोक लोटतात. आपल्याकडे किती सिनेमे असे फुकटात हिट झालेत ते मी लिहायची गरज नाही. त्या दोन पाट्या इथे खऱ्या मोर्च्यांत अजून दिसतात.

११. बिशपला चोरून बायको-मुलगा असतो ते जरा अति नाही वाटत?

अति वाटलं असतं, जर १९९२ मध्ये गॉलवेचे बिशप एमन केसी यांना मुलगा असल्याचं उघड झालं नसतं. देश हादरला होता. सीरियलमधला बिशप ब्रेनन कॅलिफोर्नियात मुलाबरोबर मजा करताना व्हिडिओत दिसतो तेव्हा आयरिश प्रेक्षकाला वेगळं काही सांगावं लागत नव्हतं. पुढे १९९४ मध्ये ब्रेंडन स्मिथ या फादरने मुलांवर केलेल्या अत्याचारांचं प्रकरण सरकारने ज्या पद्धतीने हाताळलं त्यावरून सरकारच पडलं. आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये, म्हणजे पहिला सीझन येऊन गेल्यावर, घटस्फोटाला परवानगी द्यायची का यावर सार्वमत झालं, ते ५०.२८ टक्क्यांनी पास झालं, म्हणजे अगदी काठावर.

म्हणून वेळेला महत्त्व आहे. दहा वर्षं आधी आली असती तर दगड पडले असते, दहा वर्षं नंतर आली असती तर चौकशी आयोगांच्या रिपोर्टनंतर फादरांवर इतकं निरागस हसणं कुणाला जमलंच नसतं. अत्याचाराला सीरियल हात लावत नाही. काहींना तो पळपुटेपणा वाटतो. मला नाही वाटत, पण वाटणाऱ्याशी मी वाद घालत नाही.

१२. चिनी लोकांवरचा तो भाग आज चालेल का?

तिसऱ्या सीझनचा पहिला भाग. टेड डोक्यावर लॅम्पशेड घालून चिनी माणसाची नक्कल करतो आणि खिडकीबाहेर नेमकं चिनी कुटुंब उभं. मग आपण वंशद्वेष्टे नाही हे सिद्ध करण्याच्या नादात तो अजून अजून रुतत जातो. विनोदाचं लक्ष्य टेडच आहे यात शंका नाही, "माझे मित्र आहेत त्यांच्यातले" म्हणणाऱ्या माणसाचं याहून चांगलं चित्र मी बघितलेलं नाही. तरी ती पहिली नक्कल मला आता टोचते. मी पण इथे परकीच आहे, माझ्या अॅक्सेंटची नक्कल माझ्या मागे झालीये, तेव्हा हसू जरा उशिरा येतं.

१३. टेडचं काम करणारा वारला म्हणून बंद केली का?

दोन्ही गोष्टी खऱ्या, पण "म्हणून" चुकीचं आहे. तिसरा सीझन शेवटचा हे आधीच ठरलं होतं. डरमॉट मॉर्गनने शेवटच्या भागाचं शूटिंग संपवलं आणि दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारी १९९८ ला, लंडनमध्ये घरी पाहुणे जेवायला असताना हार्ट अटॅक आला. वय ४५. सीझन एक आठवडा पुढे ढकलला, १३ मार्चला सुरू झाला.

शेवटच्या भागात टेडला अमेरिकेतल्या मोठ्या पॅरिशची ऑफर येते, म्हणजे अखेर सुटका! पण तिथली परिस्थिती कळल्यावर परत बेटावरच. शेवटी जुन्या भागांतल्या दृश्यांची माळ लावलीये, मूळचा शेवट वेगळा होता, तो बदलला. ते माहीत नसताना बघा आणि माहीत झाल्यावर बघा, दोन वेगळे भाग आहेत. १९९९ मध्ये मॉर्गनला मरणोत्तर बाफ्टा (ब्रिटनचा मोठा टीव्ही पुरस्कार) मिळालं. आणि जॅक झालेला फ्रँक केली गेला तो दिवस पण २८ फेब्रुवारीच, २०१६.

१४. घोड्याचं गाणं कोणी केलंय? आणि मुद्दाम हरायचं ते काय प्रकरण आहे?

गाणं नील हॅननचं, म्हणजे द डिव्हाइन कॉमेडी बँडवाला, टायटल म्युझिक पण त्याचंच. प्रकरण असं की युरोव्हिजन ही युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा आयर्लंडने १९९२, ९३, ९४ अशी ओळीने तीनदा जिंकली, आणि जो जिंकेल त्याने पुढच्या वर्षी स्वखर्चाने भरवायची. म्हणजे गणपतीत दर वर्षी तुमच्याच घरी सगळ्या चाळीचं जेवण. लेखकांनी त्यातून भाग काढला : हरायची हमी असलेलं गाणं पाठवायचं, तर टेड आणि डूगलचं, म्हणजे तेच घोड्याचं. तो भाग १९९६ च्या वसंतात दाखवला आणि मे महिन्यात आयर्लंड खरंच परत जिंकलं.

१५. ते घर खरं आहे का? बघायला जाता येतं?

घर खरं आहे, ग्लानक्विन नावाचं, क्लेअरमध्ये किलनाबॉयजवळ, बर्रेनच्या खडकाळ माळावर. पण ते लोकांचं राहतं घर आहे, तेव्हा गेटबाहेरून फोटो काढा आणि निघा. मी गेले तेव्हा आडवा पाऊस होता, छत्री उलटी झाली, रस्त्यावर एकही पाटी नव्हती, अगदी सीरियलमध्ये असल्यासारखं वाटलं. एनिसटायमन, किलफेनोरा ही गावं जवळच आहेत. एका भागात जी भयानक काळोखी गुहा दाखवलीये ती म्हणजे आयलवी केव्ह, ती मात्र तिकीट काढून रीतसर बघता येते.

टायटलमध्ये वरून दिसणारं बेट म्हणजे इनिशीर, अॅरन बेटांतलं सगळ्यात छोटं. किनाऱ्यावरचं गंजलेलं जहाज प्लासी, १९६० च्या वादळात खडकावर चढलं, बेटावरच्या लोकांनी सगळ्या खलाशांना वाचवलं. दरवर्षीचा टेडफेस्ट (सीरियलच्या चाहत्यांची जत्रा) मात्र २००७ पासून मोठ्या बेटावर, इनिश मोरवर भरतो, आणि खरं क्रॅगी आयलंड कोणतं यावरून दोन बेटांत फुटबॉलची मॅच पण झालीये. शेकडो लोक फादर आणि नन बनून येतात. खरा फादर आला तर ओळखणार कसा, हा माझा प्रश्न आहे.

१६. भारतात कुठे बघायला मिळेल?

हे दर काही महिन्यांनी बदलतं, मी आज लिहीन ते उद्या खोटं ठरेल. स्वतः शोधा. डीव्हीडीचा पूर्ण संच मिळाला तर घेऊन टाका, मी तेच केलं.

१७. तुझ्या फादर काकांना दाखवलीस का?

दाखवली, मागच्या नाताळात वसईला गेले तेव्हा, मिस्सा आणि जेवण झाल्यावर. मुद्दाम लाथेचा भाग लावला (प्रश्न ६). काका पूर्ण वेळ गंभीर. आई मला कोपराने ढोसत होती की बंद कर. दहा फुटी फोटो आला तेव्हा ते पुढे वाकून बघायला लागले, मला वाटलं आता हसतील. भाग संपल्यावर म्हणाले, "एवढ्या मोठ्या फोटोचं बिल कुठल्या खात्यात टाकलं त्यांनी?"